शेजारचा रकाना राज्याचा: न्यू जर्सीत स्कूल डिस्ट्रिक्टचे आकडे वाचताना

सेंट्रल जर्सीत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिथलं डिस्ट्रिक्ट कसं आहे?" डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे, गावच्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा. उत्तरही ठरलेलं असतं. घरविक्रीच्या साइटवर दहापैकी आठ, किंवा मग "राज्याच्या सरासरीपेक्षा बरंच वर". एडिसन, साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो अशा आपल्या लोकांच्या पट्ट्यात हे वाक्य बहुतेक वेळा खरंही असतं, पण त्यावरून शाळेबद्दल फारसं काही कळत नाही. न्यू जर्सीची सरासरी म्हणजे न्यूअर्क, कॅम्डेन, पॅटर्सन ही गरीब शहरं आणि त्याच बेरजेत मिलबर्न, रिजवूड, प्रिन्स्टन ही श्रीमंत गावं. असं सरासरी गाव नकाशावर कुठेच नाही. तिच्या वर असणं म्हणजे बहुतांशी त्या गावात कोण राहतं, एवढंच. शाळा काय करते हे पाहायचं तर डिस्ट्रिक्टचा आणि राज्याचा असे दोन्ही रकाने ओळीओळीने ताडून पाहावे लागतात. नव्याने येणाऱ्यांसाठी आम्ही हे काम दरवर्षी करतो. त्याची रीत इथे एडिसन समोर ठेवून मांडली आहे. एडिसनचे त्या-त्या वर्षीचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, ते ताजेच काढावेत.

राज्याचं शिक्षण खातं दरवर्षी 'स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट' काढतं. एक अहवाल प्रत्येक शाळेचा, एक डिस्ट्रिक्टचा, एक राज्याचा. परीक्षा एप्रिल ते जूनमध्ये होते आणि अहवाल येतो पुढच्या वसंत ऋतूत, म्हणजे आपण वाचतो ती गोष्ट जवळजवळ वर्षाची जुनी असते. साइटवर डिस्ट्रिक्टचं पान उघडलं की शेजारी राज्याचा आकडा दिसतो. दोन-तीन डिस्ट्रिक्ट आणि तीन-चार वर्षं एकत्र बघायची असतील तर मात्र पान उघड-बंद करत बसू नये. त्याच साइटवर एक्सेल फायली मिळतात, एक शाळांची आणि एक डिस्ट्रिक्ट-राज्याची. आपल्याला दुसरी हवी. गाव नावाने न शोधता कोडने शोधावं: मिडलसेक्स काउंटी २३, एडिसन १२९०. कोडचे रकाने मजकूर म्हणूनच ठेवायचे. नाहीतर एक्सेल पुढचं शून्य गिळतं, अटलांटिक काउंटीचा ०१ नुसता १ होतो आणि दोन वर्षांच्या फायली जोडताना ओळी जुळत नाहीत. दुसरी गोष्ट तारांकनाची. गटात मुलं फारच थोडी असली की ओळख उघड होऊ नये म्हणून आकड्याच्या जागी चिन्ह येतं. ते शून्य नव्हे. शून्य समजून सरासरी काढली की सगळंच बिघडतं.

इंग्रजी आणि गणिताची राज्याची परीक्षा म्हणजे एनजेएसएलए. २०१८-१९ पासून तिचं हे नाव आहे, त्याआधी 'पार्क' नावाची परीक्षा होती. गुण ६५० ते ८५० मध्ये, पातळ्या पाच, आणि ७५० पासून चौथी पातळी सुरू होते. अहवालातली 'अपेक्षा पूर्ण केलेल्यांची टक्केवारी' म्हणजे चौथी आणि पाचवी पातळी मिळून. २०२३-२४ मध्ये राज्यभरात इंग्रजीत सुमारे ५२ टक्के आणि गणितात ४० च्या जवळपास मुलं या रेषेच्या वर होती. आपल्याकडचे पालक ५२ टक्के बघून दचकतात, कारण मनात ३५ टक्क्यांना पास असतं. इथे ही रेष उत्तीर्ण होण्याची नाही, इयत्तेच्या अपेक्षेची आहे, आणि ७४९ गुणांचं मूल तिच्या खालीच मोजलं जातं. त्यामुळे रेषेच्या आसपास मुलांची गर्दी असेल तर दोन-चार गुणांच्या फरकानेही टक्केवारी बरीच हलते. आम्ही आधी पाचवी पातळी आणि पहिल्या दोन पातळ्या वेगळ्या वाचतो. तळाच्या दोन पातळ्यांत किती मुलं अडकली आहेत, हे डिस्ट्रिक्टबद्दल जास्त सांगतं.

त्याच तक्त्यात टक्केवारीचे दोन रकाने असतात आणि लोक हमखास चुकीचा उचलतात. एक परीक्षा दिलेल्यांपैकी किती, आणि दुसरा केंद्राच्या हिशेबासाठी. २०१५ च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्याप्रमाणे किमान ९५ टक्के मुलांनी परीक्षा द्यायला हवी, कमी दिली तर भाजक ९५ टक्क्यांवर धरतात. समजा १०० मुलांपैकी ८० बसली आणि ६० वर आली. पहिल्या रकान्यात ७५ दिसेल आणि दुसऱ्यात ६० भागिले ९५, म्हणजे ६३. डिस्ट्रिक्टचा पहिला रकाना आणि राज्याचा दुसरा शेजारी ठेवले की डिस्ट्रिक्ट फुकटात १२ टक्क्यांनी पुढे जातं.

आता आठवीचं गणित. या एका ओळीने जितके पालक घाबरतात तितके दुसऱ्या कशानेही घाबरत नाहीत. राज्याचा आकडा २० टक्क्यांच्या आसपास, आणि चांगल्या म्हणवणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्येही ही ओळ सातवीच्या मानाने एकदम कोसळलेली दिसते. सातवीपर्यंत नीट शिकलेली मुलं आठवीत विसरत नाहीत. होतं ते असं: जे मूल आठवीत अल्जिब्रा वन (बीजगणिताचा पहिला कोर्स) घेतं ते अल्जिब्रा वनचीच परीक्षा देतं, आठवीच्या गणिताची नाही. वर्गातली गणितात पुढे असलेली सगळी मुलं त्या ओळीतून उठून दुसऱ्या ओळीत जातात, मागे उरतात ती बाकीची. जे डिस्ट्रिक्ट जितक्या जास्त मुलांना आठवीत अल्जिब्रा देतं तितकी त्याची 'आठवी गणित' ही ओळ वाईट दिसते. एडिसनसारख्या ठिकाणी, जिथे सहावीपासूनच गणिताच्या वरच्या तुकडीसाठी धडपड असते, ही ओळ राज्याच्या ओळीशी ताडण्यात अर्थच नाही.

उपाय सोपा आहे. टक्केवारी सोडा, मुलांची संख्या घ्या. आठवी गणित आणि मिडल स्कूलमधलं अल्जिब्रा वन या दोन्ही परीक्षांत वर आलेली मुलं मिळवा, दोन्ही परीक्षा दिलेल्यांच्या बेरजेने भागा. पण डिस्ट्रिक्टच्या फायलीत अल्जिब्रा वनच्या ओळीत नववीची मुलंही मिसळलेली असतात. म्हणून इथे शाळांची फाइल उघडून मिडल स्कूलच्या ओळी वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि राज्यासाठी हीच बेरीज सगळ्या मिडल स्कूलवर चालवावी लागते. तासाभराचं काम आहे, पण हा एक आकडा हाती आला की गणिताबद्दलची निम्मी चर्चा मिटते. हायस्कूलची ओळ याच्या उलट फसवते. तिथे अल्जिब्रा वन देणारी मुलं म्हणजे ज्यांनी आठवीत घेतलं नाही ती, म्हणून ओळ खाली दिसते. नववीत जॉमेट्री किंवा अल्जिब्रा टू देणारी मुलं मुळात पुढे असलेली, म्हणून त्या ओळी फुगलेल्या. राज्यातही तेच होतं, फक्त कमी प्रमाणात.

शाळांच्या ओळी मिळवताना टक्केवारींची सरासरी कधीच काढू नये. एका शाळेत ४०० मुलांपैकी ८० टक्के, दुसऱ्या शाळेत १०० पैकी ५० टक्के. साधी सरासरी ६५ येते, खरा आकडा ७४. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निम्मे तक्ते पहिल्या पद्धतीने केलेले असतात.

एवढं झालं की मुख्य कामाला लागायचं, ते म्हणजे गटांची फोड. अहवालात प्रत्येक परीक्षेखाली गटवार ओळी असतात: वंशगट, आर्थिकदृष्ट्या मागे असलेली मुलं, इंग्रजी शिकणारी, विशेष शिक्षण घेणारी. आर्थिक गट ठरतो मोफत किंवा सवलतीच्या जेवणाच्या पात्रतेवर. केंद्राची मूळ मर्यादा मोफत जेवणासाठी दारिद्र्यरेषेच्या १३० टक्के आणि सवलतीसाठी १८५ टक्के उत्पन्नाची. डिस्ट्रिक्ट आणि राज्य यांच्यातला बराचसा फरक या एका गटाच्या आकारातून येतो. आकडे मनचे घेऊन बघू. राज्यात हा गट ३५ टक्के, त्यातली ३६ टक्के मुलं रेषेच्या वर, उरलेल्यांतली ६६ टक्के. राज्याचा एकूण आकडा ५५.५. आता एक डिस्ट्रिक्ट, तिथे हा गट फक्त १५ टक्के. त्यातली ३० टक्के मुलं वर, उरलेल्यांतली ६४. दोन्ही गटांत डिस्ट्रिक्ट राज्याच्या मागे आहे. एकूण आकडा मात्र ५८.९, राज्याच्या तीन टक्क्यांहून जास्त पुढे! घरविक्रीच्या पानावर हाच ५८.९ झळकणार आणि "राज्यापेक्षा वर" म्हणून किंमत वाढणार. हा निव्वळ कागदावरचा खेळ नाही. श्रीमंत उपनगरांच्या फायली फोडल्या की गरीब घरच्या किंवा विशेष शिक्षणातल्या मुलांच्या ओळीत डिस्ट्रिक्ट राज्याच्या मागे असल्याचं अधूनमधून सापडतं, आणि बोर्डाच्या (डिस्ट्रिक्टच्या शिक्षण मंडळाच्या) सादरीकरणात ती ओळ शेवटच्या पानावर असते.

म्हणून आम्ही राज्याची टक्केवारी डिस्ट्रिक्टच्या मापाने पुन्हा काढतो. डिस्ट्रिक्टमध्ये प्रत्येक गट किती टक्के आहे ते घ्यायचं, त्याला राज्याच्या त्या गटाच्या यशाने गुणायचं, बेरीज करायची. वरच्या उदाहरणात ०.८५ गुणिले ६६ अधिक ०.१५ गुणिले ३६, म्हणजे ६१.५. हीच मुलं राज्याच्या सरासरी शाळांत असती तर ६१.५ आले असते, इथे ५८.९ आले. दोन ओळींचा हिशेब, पण निकाल उलटा फिरतो. दोन गट एकदम धरून हे करता येत नाही, म्हणजे गरीब आणि शिवाय इंग्रजी शिकणारी अशी आडवी-उभी फोड अहवालात नसते. तेवढी या पद्धतीची मर्यादा.

आपल्या मुलांची ओळ 'एशियन'. राज्याच्या अहवालात त्यात पॅसिफिक बेटांवरचेही येतात, आणि एडिसनमध्ये हा सगळ्यात मोठा गट आहे. इथे एशियनची तुलना राज्याच्या एशियनशीच करावी, एकूण आकड्याशी नाही. तरीही एक गोष्ट उरते आणि ती कुठल्याच रकान्यात नाही: क्लास. तिसरीपासून आठवड्यातून दोनदा गणिताच्या क्लासला जाणाऱ्या मुलाचा गुण शाळेच्या खात्यात जमा होतो. एडिसनमधल्या भारतीय बाजाराच्या ओक ट्री रोडच्या आसपास क्लासच्या पाट्या मोजल्या तर अंदाज येईल. घर घेताना घराच्या हप्त्यासोबत हाही खर्च धरावा, कारण बाकीची मुलं तो करत आहेत.

क्लासचा परिणाम वेगळा काढता येत नसला तरी मूल मुळात कुठून सुरू झालं याचा हिशेब धरणारं एक माप अहवालात आहे: वाढीचा पर्सेंटाइल, एसजीपी. एखाद्या मुलाचे मागच्या वर्षांचे गुण घ्यायचे, राज्यात तशाच गुणांची मुलं शोधायची, आणि यंदा त्यांच्यात हे मूल कितवं ते १ ते ९९ मध्ये सांगायचं. डिस्ट्रिक्टचा आकडा म्हणजे या सगळ्यांचा मध्यक. राज्याचा मध्यक बांधणीनेच ५० च्या आसपास असतो, म्हणून शेजारचा रकाना बघायचीही गरज नाही. ४० ते ५९.५ म्हणजे राज्याच्या दृष्टीने ठीक. इंग्रजीत हे चौथी ते आठवी मिळतं, गणितात फक्त चौथी ते सातवी, कारण आठवीत परीक्षाच वेगवेगळ्या होतात. यश ७५ टक्के आणि वाढ ४३ असं डिस्ट्रिक्ट दिसलं तर समजावं की मुलं तयार येतात आणि शाळा त्यांना जेमतेम सांभाळते. यश ४५ आणि वाढ ६२ असेल तर शाळा काम करते आहे. दुसऱ्या प्रकारच्या गावात घरं स्वस्त असतात, ही माहिती फुकट. २०२० आणि २०२१ च्या वसंतात राज्याच्या परीक्षा झाल्याच नाहीत, त्यामुळे वाढीची मालिका तिथे तुटलेली आहे. त्या खड्ड्यावरून रेघ ओढू नये.

हजेरीच्या पानाकडे आपले लोक बघतच नाहीत, आणि तिथेच आपला थेट संबंध येतो. वर्षातल्या १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर असलेलं मूल 'क्रॉनिकली अ‍ॅबसेंट'. राज्याचं प्रमाण २०१८-१९ मध्ये १०.६ टक्के होतं, २०२१-२२ मध्ये १८.१ झालं, मग १६.६ आणि २०२३-२४ मध्ये १४.९ वर आलं. शाळा १८० दिवसांची, म्हणजे १८ दिवस झाले की मूल या यादीत. आता डिसेंबर-जानेवारीतली भारतवारी धरा: नाताळच्या सुट्टीला जोडून तीन आठवडे, म्हणजे शाळेचे १५ दिवस. परत आल्यावर सर्दी-तापाचे तीन दिवस. झाले १८! शिक्षिकेला आधी कळवलं होतं, गृहपाठ नेला होता, डॉक्टरची चिठ्ठी दिली, याने या आकड्यात काही फरक पडत नाही. राज्याच्या यादीतल्या धार्मिक सणांची रजा मात्र धरत नाहीत, आणि दिवाळी त्या यादीत आहे. म्हणून भारतीय वस्तीच्या शाळेत बालवाडी आणि पहिलीची गैरहजेरी राज्याच्या जवळ किंवा वर दिसली तर लगेच शाळेला बोल लावू नये. अहवालात इयत्तावार आलेख असतो, तो बघावा. वाढ फक्त खालच्या इयत्तांत असेल तर विमानाची तिकिटं. नववीनंतर चढत गेली असेल तर ते दुखणं वेगळं आणि जास्त गंभीर.

बाकीच्या पानांवर भराभर जाता येतं. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण म्हणजे वर्गातली मुलं नव्हेत. विशेष शिक्षणाचे, संगीताचे, इंग्रजी शिकवणारे सगळे शिक्षक त्या भाजकात असतात, म्हणून अहवालात अकराला एक दिसतं आणि तिसरीच्या वर्गात पंचवीस मुलं बसलेली असतात. वर्ग किती मोठा ते शाळेलाच विचारावं. छळ-दमदाटीच्या तक्रारींसाठी राज्यात २०११ चा कडक कायदा आहे, आणि इथे जास्त आकडा नेहमी वाईट नसतो. काही हजार मुलांच्या डिस्ट्रिक्टमध्ये वर्षभर शून्य नोंदी असतील तर आम्हाला शंका जास्त येते. चार वर्षांत पदवीधर होणाऱ्यांचे दोन आकडे असतात, राज्याच्या नियमाचा आणि केंद्राच्या नियमाचा. दुसरा कमी असतो, कारण पदवीच्या काही अटी माफ झालेली विशेष शिक्षणातली मुलं त्यात पदवीधर म्हणून धरत नाहीत. सारख्याची तुलना सारख्याशी. एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत टक्केवारीइतकंच परीक्षा किती मुलांनी दिली ते महत्त्वाचं. निम्म्याच मुलांनी दिली असेल तर सरासरी वर जाणारच.

हायस्कूलच्या आकड्यांत आणखी एक गळती आहे. मिडलसेक्स काउंटीची मॅग्नेट स्कूल्स गावोगावची निवडक मुलं घेतात. विज्ञान-गणिताची अकॅडमी तर एडिसनमध्येच, मिडलसेक्स कॉलेजच्या आवारात आहे. ही मुलं मोजली जातात काउंटीच्या व्होकेशनल डिस्ट्रिक्टमध्ये, गावाच्या हायस्कूलमध्ये नाही. गावाच्या एपी (हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे कोर्स) आणि एसएटीच्या ओळी तेवढ्या उतरतात.

पैशाचा हिशेब या अहवालातून घेण्यापेक्षा राज्याच्या 'टॅक्सपेयर्स गाइड टू एज्युकेशन स्पेंडिंग'मधून घ्यावा. त्यात प्रतिविद्यार्थी खर्च दोन प्रकारे दिला आहे. 'बजेटरी' खर्चातून बस, बाहेरच्या शाळांची फी आणि शिक्षकांच्या पेन्शनचा राज्याने भरलेला भाग वगळलेला असतो, 'एकूण' खर्चात हे येतं. गावागावांतली तुलना पहिल्याने करावी. शिवाय हे गाइड डिस्ट्रिक्टचे गट पाडतं, बालवाडी ते बारावी आणि ३,५०० पेक्षा जास्त मुलं असा मोठ्यांचा एक गट आहे. एडिसन त्यात बसतं. सरासरी घरपट्टी २०२४ मध्ये राज्यात १०,००० डॉलरच्या वर गेली आणि तिचा निम्म्याहून थोडा जास्त भाग शाळांना जातो, तेव्हा हे पान घर घेणाऱ्याने वाचायलाच हवं.

या गटावरून तिसऱ्या रकान्याची गोष्ट निघते. आमच्या तक्त्यात डिस्ट्रिक्ट आणि राज्य यांच्या मध्ये नेहमी एक रकाना असतो: सारख्या डिस्ट्रिक्टांचा. पूर्वी राज्यच अशी प्रतवारी द्यायचं. १९७५ पासून 'डिस्ट्रिक्ट फॅक्टर ग्रुप' होते, ए पासून जे पर्यंत, पण ते शेवटचे २००० च्या जनगणनेवर बेतले आणि नंतर सोडून दिले. अजूनही कुणी "ते आय ग्रुपमधलं आहे" म्हणतं तेव्हा ते पंचवीस वर्षांपूर्वीच्या गावाबद्दल बोलत असतं. आता निवड आपणच करावी लागते. चार गोष्टी जुळवायच्या: विद्यार्थिसंख्या, आर्थिक गटाचं प्रमाण, इंग्रजी शिकणाऱ्यांचं प्रमाण, विशेष शिक्षणाचं प्रमाण. पाच-सहा डिस्ट्रिक्ट मिळाली तरी पुरे. राज्याशी तुलना करताना वीस-वीस टक्क्यांची दरी दिसते, ती इथे तीन-चारवर येते, आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

एक छोटी ओळ आपल्यासाठी. राज्यात २०१६ पासून 'सील ऑफ बायलिटरसी', म्हणजे दोन भाषा चांगल्या येत असल्याचा शिक्का, आहे, आणि अहवालात कोणत्या भाषेत किती मुलांनी तो मिळवला ते दिलेलं असतं. मराठीची परीक्षा स्टॅम्प डब्ल्यूएस या चाचणीतून देता येते. आपल्या हायस्कूलच्या यादीत मराठी दिसत नसेल तर मार्गदर्शक शिक्षकांना विचारावं. बहुधा कुणी मागितलेलीच नसते.

आणि सगळं झाल्यावर पत्ता तपासावा. हे शेवटी सांगतो, पण करावं आधी. टपालाचा पत्ता आणि गाव इथे जुळत नाहीत. ०८५४० या पिनकोडवर 'प्रिन्स्टन' लिहिलेली घरं साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर किंवा लॉरेन्समध्ये असू शकतात आणि मुलं त्या-त्या डिस्ट्रिक्टला जातात. प्रिन्स्टन जंक्शन वेस्ट विंडसरमध्ये आहे. क्रॅनबरीचं डिस्ट्रिक्ट आठवीपर्यंतच, नववीपासून मुलं प्रिन्स्टन हायस्कूलला, म्हणजे क्रॅनबरीच्या अहवालात हायस्कूलची पानंच नाहीत. एडिसनमध्ये हायस्कूल दोन आहेत, जे. पी. स्टीव्हन्स आणि एडिसन हाय, आणि डिस्ट्रिक्टचा आकडा दोन्हींची बेरीज आहे. एजंटच्या शब्दावर जाऊ नये. घरपट्टीच्या बिलावर नगरपालिकेचं नाव असतं, ते वाचावं, आणि घरक्रमांक सांगून डिस्ट्रिक्टच्या नोंदणी कार्यालयाकडून शाळेचं नाव लेखी घ्यावं. वर्ग भरले की हद्दी बदलतात, तेव्हा तसा प्रस्ताव बोर्डासमोर आहे का तेही त्याच ईमेलमध्ये विचारावं. परीक्षेचे निकाल हाती आल्यापासून ६० दिवसांत ते बोर्डापुढे मांडावे लागतात, त्यामुळे शरद ऋतूतल्या बैठकीच्या स्लाइड साइटवर सापडतात. राज्याच्या अहवालाच्या कितीतरी महिने आधी.